उल्केचे तुकडे

१९९६ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मी सोमाटण्याला मामाकडे गेलो होतो. मामा रेडिओ दुरुस्त करायचा. पण त्याचा खरा जीव आकाशात. १३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडताना दिसणार होत्या आणि त्याला त्यांचे फोटो काढायचे होते.

कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवले, की उल्केची लांब रेघ फिल्मवर उमटते. पण उल्का किती वेळ दिसली, हे त्या रेघेवरून कळत नाही. म्हणून मामाने कॅमेऱ्यासमोर पुठ्ठ्याचा दोन पात्यांचा पंखा बसवला. पाते भिंगासमोर आले, की प्रकाश अडतो आणि रेघ तुटते. तुकडे मोजले, की वेळ कळला! अमेरिकेत येल वेधशाळेतील विल्यम एल्किन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच कामासाठी सायकलचे चाक वापरले होते. आमची मोटार मात्र खेळण्यातली, चार सेलवर चालणारी.

"पण पंखा सेकंदाला किती फेऱ्या घेतो, ते कसं कळणार?" मी विचारले.

मामाने पंख्याच्या मधोमध कागदाची चकती चिकटवली. तिच्यावर एका वर्तुळात १० आणि दुसऱ्या वर्तुळात १२ काळे पट्टे होते. मग पंखा ट्यूबलाइटखाली धरला. चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही. मामाने मोटारीचा वेग हळूहळू कमी केला आणि काय गंमत! पंखा गरगर फिरत होता, पण १० पट्टे जागच्या जागी थांबलेले! प्रत्येक लुकलुकीला एका पट्ट्याच्या जागी दुसरा पट्टा येत होता. म्हणजे सेकंदाला १०० पट्टे, म्हणून १० फेऱ्या. आणि पाती दोन, म्हणून रेघेचे २० तुकडे.

ही जादू मी संध्याकाळभर गल्लीतल्या मुलांना दाखवली.

रात्री आम्ही चौराईच्या टेकडीकडे गेलो. महामार्गावरच्या ट्रकांचे दिवे तिथवर त्रास देत होते. दोनच्या सुमारास एक तेजस्वी उल्का नेमकी कॅमेऱ्यासमोरून गेली. मी आनंदाने ओरडलोच!

पहाटे घरी येताच मामाने पंखा पुन्हा ट्यूबखाली धरला. १० पट्टे भराभर मागे सरकत होते. थांबले होते ते १२ पट्टे. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८.३ फेऱ्या!

"सेल उतरले," मामा म्हणाला. ते कोणी उतरवले, हे त्याने विचारले नाही. मीच सांगितले.

फिल्म धुऊन आली. रेघेचे १२ तुकडे होते. १० फेऱ्या धरल्या तर ०.६ सेकंद, ८.३ धरल्या तर ०.७२. रात्री दोन वाजता पंखा किती वेगाने फिरत होता, कोण सांगणार? शाळेच्या प्रदर्शनासाठी मला एकच आकडा हवा होता. मामाने काही न बोलता पेन माझ्या हातात दिले. मी दोन्ही आकडे लिहिले आणि खाली सेलची हकीकत.