देवी काढल्या असतील तरच खोली

लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनाबाहेरची सगळी गर्दी स्पिटलफील्ड्सच्या बाजाराकडे वळते. मी तिच्यातून सुटून फोलगेट स्ट्रीटचा कोपरा गाठला. कमर्शियल स्ट्रीटवरची ही विटांची जुनी इमारत १८६४ची. लंडनमध्ये पेढी चालवणाऱ्या जॉर्ज पीबॉडी या अमेरिकनाने १८६२मध्ये इथल्या गरिबांसाठी दीड लाख पौंड दिले. पुढे ती देणगी पाच लाखांवर गेली. तिच्यातून उभी राहिलेली ही पहिली वास्तू. आता इथे खासगी फ्लॅट आहेत. भाडं विचारायचं धाडस मी केलं नाही.

जिन्यालगत सामाईक मोरी आणि संडास, वरच्या मजल्यावर धुण्याची जागा. चाळीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. पीबॉडीच्या खोल्यांतल्या भिंतींना मात्र गिलावा नसे, कागद चिकटवायला बंदी असे. ढेकणांना लपायला फट मिळू नये, हा हिशेब. घरातल्या प्रत्येकाला देवी काढलेल्या असल्याशिवाय अर्जच घेत नसत. भाडं दर आठवड्याला, तेही आगाऊ.

तिथून ड्रुरी लेनजवळच्या वाइल्ड स्ट्रीटला गेलो. चौकाभोवती पिवळसर विटांचे उंच, एकसारखे ब्लॉक. दिसायला थेट बराकी! ते अजून पीबॉडी ट्रस्टकडेच आहेत. जिन्याच्या तोंडाशी सायकली बांधलेल्या होत्या. इथल्या गलिच्छ गल्ल्या १८७५च्या कायद्याखाली पाडल्या गेल्या आणि ती जमीन ट्रस्टला स्वस्तात मिळाली.

इतकी माणसं एकावर एक रचली तर रोगराई माजणार, अशी तेव्हा अनेकांना धास्ती होती. एकरी दाटी वाढली की मृत्यू वाढतात, असं गणित सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांनी मांडूनच ठेवलं होतं. ब्रायटनचे आरोग्य अधिकारी आर्थर न्यूजहोम यांनी १८९१मध्ये पीबॉडीच्या इमारतींतल्या मृत्यूंचा हिशेब मांडला. एकरी दाटी लंडनच्या कितीतरी पट, तरी मृत्युदर शहराच्या सरासरीहून कमी. तान्ह्या मुलांचे मृत्यूही कमी. एकरात किती माणसं यापेक्षा एका खोलीत किती, हे बघा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. हवा खेळती, पाणी दाराशी, नळ-गटारं धड. याचं श्रेय इमारतीला द्यायलाच हवं.

पण खोली मिळे ती नेमाने पगार घेणाऱ्याला. आज काम, उद्या नाही, अशा हमालाला आगाऊ भाडं कुठून जमणार? हातगाडीवाल्याला तर गाडी ठेवायलाही जागा नव्हती. जुनी गल्ली पाडून नवा ब्लॉक उभा राहीपर्यंत मध्ये वर्षं जात. तोवर तिथला माणूस जवळच्याच एखाद्या कोंदट खोलीत, आधीच भरलेल्या बिऱ्हाडात घुसलेला असे. तिथे त्याचं पोर दगावलं, तर ते मरण लंडनच्या सरासरीत जमा होई, आणि त्या सरासरीशेजारी पीबॉडीचा आकडा आणखीच गोमटा दिसे.