१० डॉलर

अमेरिकेत हॉटेलात टीप किती द्यायची हे चार दिवसांत कळतं. विमानतळावर किती, हे मात्र कोणी सांगत नाही!

गेल्या शनिवारी सेसना १७२ घेऊन आमच्या नेहमीच्या छोट्या विमानतळावर उतरलो. रणरणतं ऊन. तिथल्या पोराने हाताने खुणा करून विमान जागेवर घेतलं, चाकांना ठोकळे लावले, शिडीवर चढून दोन्ही पंखांत निळं पेट्रोल भरलं. मी आत एसीत कॉफी पीत होतो.

निघताना १० डॉलर पुढे केले. "नको सर," तो म्हणाला, "झाकणं तेवढी स्वतः बघून घ्या. मी घट्ट लावलीत, तरी बघाच."

खरं सांगू? घाईत मी बघणार नव्हतो. झाकण सैल राहिलं तर हवेत पंखावरच्या कमी दाबाने पेट्रोल बाहेर ओढलं जातं. हे परीक्षेसाठी मीच पाठ केलेलं.

मुकाट्याने शिडी चढलो. झाकणं घट्ट होती.

उतरून त्याचं नाव विचारलं. दीड वर्षात पहिल्यांदाच. नोटेपेक्षा त्यालाच तो जास्त खुलला.

असो. पुढच्या वेळी कॉफी दोन कप.