कंपास आणि पुटपाक

परीक्षेतल्या रसग्रहणाच्या प्रश्नाने आपल्याकडे एक खोड लावून ठेवली आहे. आशयसौंदर्य एका परिच्छेदात, काव्यसौंदर्य दुसऱ्यात. विचार इकडे, भावना तिकडे. इंग्रजी कविता शिकवताना ही खोड आधी मोडावी लागते, आणि त्या कामाला जॉन डनसारखा कवी नाही.

प्रवासाला निघालेला त्याच्या कवितेतला माणूस प्रियेला सांगतो, रडू नकोस. आपले जीव कंपासच्या दोन पायांसारखे आहेत. वर्गातली पोरं हसतात. प्रेमात भूमिती कशाला? डॉ. जॉन्सननेही अठराव्या शतकात नाक मुरडलंच होतं. मी वाद घालत नाही. कुणाच्या तरी कंपासपेटीतला कंपास मागून घेतो आणि वहीच्या पानावर हळूहळू उघडतो. पेन्सिलीचा पाय लांब जाऊ लागला की रोवलेला पायही वाकतो. जागा सोडत नाही, पण सरळही उभा राहत नाही. पेन्सिल जवळ आणली की पुन्हा ताठ. घरी राहिलेल्या माणसाची ओढ डनने त्या कोनात पाहिली. भूमिती काढून टाका, ओढही जाते. धानाचं काम आटोपल्यावर ज्यांच्या घरचं कुणी नागपूर-रायपूरकडे मजुरीला जातं, त्यांना पुढचं समजावावं लागत नाही.

शास्त्र आणि भावना अशी एकत्र येण्याचं आमच्या गोंदिया जिल्ह्याला तर नवल वाटायचं कारणच नाही. भवभूतीने आपलं कूळ विदर्भातल्या पद्मपूरचं सांगितलं, आणि ते म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. आठव्या शतकातला हा संस्कृत नाटककार शास्त्रांत मुरलेला पंडित. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात राम रंगमंचावर येण्याआधीच मुरला ही नदी, जी इथे एक पात्र आहे, त्याच्या दुःखाला पुटपाकाची उपमा देते. पुटपाक हे वैद्याचं काम. औषधी कुटून गोळा करायचा, पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा आणि विस्तवात ठेवायचा. बाहेरून माती तेवढी दिसते. आतला पाला शिजून रस सोडत असतो. ही कृती ज्याला ठाऊक नाही त्याच्यापर्यंत रामाचं दुःख अर्धंच पोचतं, असं माझं मत आहे. (संस्कृतचे मास्तर हे फारसं मानत नाहीत.)

डनकडे परत येऊ. कवी-समीक्षक एलियटने 1921 सालच्या निबंधात म्हटलं की डनला विचार हा अनुभवच होता. पुढे सतराव्या शतकातच इंग्रजी कवितेत विचार आणि भावना यांची फारकत झाली, असं त्याचं म्हणणं. निबंध झकास आहे, तारीख पटत नाही. कीट्सने 1819 साली लिहिलेल्या ओड वाचताना ही फारकत मला कुठे सापडत नाही. कीट्सच्या दुसऱ्या ‘हायपेरियन’साठी खुद्द एलियटनेही थोडी सूट ठेवलीच आहे.

मी स्वतः लिहायला बसतो तेव्हा ‘व्याकूळ’ वगैरे शब्द आला की खोडतो. तसं वाटलं त्या वेळी समोर कोणती वस्तू होती आणि ती कशी चालते, हे आधी नीट लिहून काढतो. पुष्कळदा कविता तिथेच अडते, आणि मोटारपंपाचा फूट व्हॉल्व्ह पाणी कसं धरून ठेवतो याचं टिपण तेवढं वहीत राहतं.