माप घेताना दोन्ही हात गुंतलेले असतात

तुमच्या फोनमध्ये डेटाबेस आहे का, असं विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतील. प्रत्यक्षात तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्यात ते ढिगाने आहेत. कॉन्टॅक्ट्स, मेसेज, व्हॉट्सॲपच्या गप्पा, सगळं एसक्यूलाइट नावाच्या छोट्याशा डेटाबेसमध्ये साठवलेलं असतं. डी. रिचर्ड हिप या प्रोग्रॅमरने तो २००० साली लिहिला आणि आज प्रत्येक अँड्रॉइडमध्ये आणि आयफोनमध्ये तो असतो. म्हणजे साठवायचं कसं, हा प्रश्न कधीच सुटलाय. पण स्वतःची एखादी यादी, स्वतःच्या रीतीने या हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये ठेवायची तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, हा प्रश्न सुटलेला नाही.

माझ्यापुढे तो आईमुळे आला. ती सांगलीत ब्लाऊज शिवते. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. घरच्यांनी मशीनचं हेड काढून माळ्यावर ठेवलं, गिऱ्हाइकांची कापडं वर नेली. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या मापांच्या वह्या राहिल्या. पाणी उतरल्यावर त्यांचा लगदा हाती आला. अठरा वर्षांची मापं होती त्यात. गावातली गिऱ्हाइकं पुन्हा माप द्यायला आली. पण लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेलेल्या मुली कापड पाठवायच्या आणि फोनवर 'काकू, मागच्यासारखाच शिवा' एवढंच सांगायच्या. त्यांचं 'मागचं' वाहून गेलं होतं. आता त्यांना मापाचा ब्लाऊज पाठवावा लागणार, आणि तो धुऊन सैल झालेला असतो.

"तू एवढं कॉम्प्युटरचं शिकलीस, हे फोनात ठेवता येत नाही का?" आईने विचारलं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते.

हा प्रश्न स्मार्टफोनपेक्षा जुना आहे. १९९६मध्ये पामचा पायलट १००० हा खिशात मावणारा कॉम्प्युटर आला. मेमरी १२८ केबी, चालायचा दोन पेन्सिल सेलवर. तो बनवण्याआधी जेफ हॉकिन्स त्याच आकाराचा लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन फिरायचा आणि मीटिंगमध्ये त्यावर लिहिल्याचं नाटक करून बघायचा. एखाद्या कामाला स्क्रीनवर किती वेळा टेकवावं लागतं, हे पामचे लोक मोजायचे. पुढे पामवर हॅनडीबेस, जेफाइल, मोबाइलडीबी अशी सॉफ्टवेअर आली आणि प्रोग्रॅमिंग न येणारी माणसं आपापली कोष्टकं खिशात ठेवू लागली. पाळण्यात ठेवून एक बटण दाबलं की सगळ्याची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर जायची. माझ्या मते निवडीचे दोन्ही निकष यातच आहेत. माहिती आत घालायला किती टॅप लागतात आणि तिची प्रत बाहेर किती सहज निघते.

मी आईच्या शेजारी बसून मोजायला सुरुवात केली. एका ब्लाऊजला नऊ आकडे लागतात: उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाहीची उंची, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा. आई टेप लावते, आकडा मोठ्याने म्हणते, नववा झाला की वाकून सगळं एकदम वहीत लिहिते. फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक आकड्याला चौकट शोधा, टेकवा, कीबोर्ड बदला. "दोन्ही हात गुंतलेत माझे, कुठं टायपू?" असं म्हणून तिने फोन खाली ठेवला. स्प्रेडशीट बाद.

मग फॉर्मसारखी दिसणारी डेटाबेस ॲप बघितली. एका माणसाचं एक पान, वरून खाली नऊ रकाने, एक भरला की पुढचा. हे तिला पटलं, कारण ही तिच्या वहीचीच रीत. पण रकान्याचा प्रकार ठरवायची वेळ आली. कॉलेजात शिकवतात, आकडा असेल तर 'नंबर' निवडा. आई साडेबत्तीस '३२॥' असं लिहिते, सव्वा म्हणजे एक दंड, पाऊण म्हणजे तीन. नंबरचा रकाना ते घेतच नाही. छातीच्या मापांची बेरीज कुणालाच करायची नसते, मग अक्षरांचा रकाना काय वाईट? तोच ठेवला.

नावांची गंमत वेगळी. वहीत 'शेंडग्यांची धाकटी सून', 'बँकेतल्या मॅडम', 'ॲडव्होकेट बाई' अशा नोंदी. मोबाईल नंबर ही ओळख धरावी तर एका नंबरवर सासू, सून, नणंद तिघी. म्हणून 'घर' असा वेगळा रकाना केला. शोधताना 'ॲडव्होकेट' सापडेना. कारण 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र जोडून तेच लिहायचे. दोन्ही दिसतात सारखीच, पण मशीनला ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून प्रत्येक ॲपमध्ये मी मराठी नावं घालून शोधून बघितली. कुठल्याच जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं.

आणि आई जुनं माप खोडत नाही. नवं माप शेजारी तारखेसह लिहिते. लग्नाआधीचं, बाळंतपणानंतरचं, आजारपणातलं. "दोन वर्षांनी पुन्हा पहिलं माप लागतं काहींना," ती म्हणते. ज्या ॲपमध्ये नवा आकडा जुन्यावर बसतो, ते कितीही गोड दिसलं तरी तिच्या कामाचं नाही. म्हणून प्रत्येक मापाला नवं पान आणि तारीख, असं ठरलं.

राहिला प्रत बाहेर काढण्याचा प्रश्न. बेंटो नावाचं एक सुरेख, सोपं डेटाबेस ॲप फाइलमेकर कंपनीने २००८मध्ये काढलं होतं. २०१३मध्ये बंद केलं. पाम तर कंपनी म्हणूनही उरली नाही. सॉफ्टवेअरलाही पूर येतो, आणि त्याची धोक्याची पातळी कुठल्या पुलावर रंगवलेली नसते. त्यामुळे दहा खोट्या नोंदी भरायच्या, त्या सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढायच्या आणि ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायची, ही माझी शेवटची परीक्षा. एका ॲपने प्रत काढायला पैसे मागितले. दुसऱ्याने दिली, पण देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं. ती दोन्ही गेली. उरलं मेमेंटो डेटाबेस. रकाने आपण ठरवायचे, इंटरनेट नसलं तरी चालतं, सीएसव्ही निघते. दिसायला सगळ्यांत साधं नव्हतं, पण शेवटचा शब्द आईचा होता. तिने तीन नोंदी स्वतः भरल्या आणि म्हणाली, "हे चालंल."

वही गेलेली नाही. माप घेताना आजही कागदच, कारण हात गुंतलेले असतात. रात्री टीव्हीसमोर बसून ती दिवसभरातली मापं फोनात भरते आणि रविवारी प्रत मला पाठवते. जुलै २०२१मध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा मशीन माळ्यावर गेलं, कापडं गेली, आणि मापं आधीच पुण्यात माझ्या मेलमध्ये होती.

तुमच्या घरातही अशी एखादी वही असेल: उधारीची, औषधांची, दुधाच्या हिशोबाची. ॲप निवडताना चांदण्या आणि रिव्ह्यू नंतर बघा. जी व्यक्ती रोज लिहिणार आहे, तिच्या हातात फोन द्या आणि गप्प बसून टॅप मोजा. मग दहावी नोंद भरायच्या आधी सगळं बाहेर काढून दाखवायला त्या ॲपला सांगा. अडखळलं, तर अकरावी नोंद त्यात भरू नका.