आमचा हरणारा संघ

कोणत्या संघाचा कैवार घ्यावा, हा प्रश्न कोणी साधकबाधक विचार करून सोडविल्याचे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही. आडनाव आणि मातृभाषा यांप्रमाणे संघही माणसाच्या पदरी आपोआप पडतो, आणि पदरी पडला की तो पवित्र मानून घ्यावा लागतो. इंडियन प्रीमिअर लीग नावाचा जो क्रिकेटचा बाजार २००८ साली भरला, त्यात मुंबईकरांच्या पदरी मुंबई इंडियन्स पडली. तिने २०१३ ते २०२० या अवधीत पाच वेळा अजिंक्यपद मिळविले. आम्ही पडलो दिल्लीनिवासी मराठी माणसे. आमच्या पदरी दिल्लीचा संघ आला. २०२५ पर्यंत अठरा हंगाम झाले, पण त्याने एकदाही करंडक उचललेला नाही.

दर उन्हाळ्यात डोंबिवलीहून आमच्या थोरल्या मामेभावांचा दूरध्वनी येतो. "अरे, आपली मुंबई सोडून तू दिल्लीचा झेंडा कशाला मिरवतोस? पानिपत विसरलास काय?" पानिपत आम्ही विसरलेलो नाही. ते आमच्या घरापासून दोन तासांच्या वाटेवर आहे आणि आमच्या संघाच्या निमित्ताने त्याची आठवण वर्षातून सातआठ वेळा तरी होतेच. परंतु ज्या गावची धूळ आणि धुके छातीत भरून घ्यावे, ज्या गावच्या बसथांब्यावर आयुष्याची निम्मी संध्याकाळ घालवावी, त्या गावच्या हारजितीत आपला काही वाटा असतो, असे आम्हांस वाटते. शिवाय फिरोजशहा कोटला हे मैदान मराठी माणसास परके नाही. सुनील गावसकरांनी आपले एकोणतिसावे कसोटी शतक १९८३ साली येथेच वेस्ट इंडीजविरुद्ध झळकावून ब्रॅडमनची बरोबरी केली. २०१९ पासून क्रीडागाराला अरुण जेटली यांचे नाव आहे, पण आमच्या तोंडी अद्याप कोटलाच येते.

आता संघाचे प्रगतिपुस्तक उघडून पाहू. २००९, २०१२ आणि २०२१ या तीन वर्षी दिल्ली साखळी सामन्यांत पहिली आली. २०११, २०१३, २०१४ आणि २०१८ या चार वर्षी ती शेवटची आली. अंतिम सामना तिने एकदाच पाहिला, तो २०२० साली दुबईत, आणि तेथेही गाठ पडली मुंबईशी. त्या सायंकाळी मुंबईचा कर्णधार रोहित शर्मा हा नागपुरात जन्मलेला, तर आमचा कर्णधार श्रेयस अय्यर हा अस्सल मुंबईचा. आमच्याकडून खेळणारा अजिंक्य रहाणे तर मामेभावांच्या डोंबिवलीतच वाढलेला! तेव्हा कोणता संघ 'आपला', हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, हे आम्ही मामेभावांच्या निदर्शनास आणले. पाच गडी राखून जिंकलेल्या माणसास असल्या सूक्ष्म विवेचनात गोडी नसते.

या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की विद्यार्थी मंदबुद्धी नाही. जो कधी पहिला आणि कधी शेवटचा येतो, त्याच्या बुद्धीचा दोष काढता येत नाही. घरातील व्यवस्थाच तपासावी लागते. दिल्लीच्या संघाला गुणी माणसे मिळाली नाहीत, असे त्याचा शत्रूही म्हणणार नाही. दैव देते आणि कर्म नेते, ही म्हण या संघाने अठरा वर्षे सोदाहरण स्पष्ट केली आहे.

पहिले उदाहरण पहिल्याच वर्षीचे. एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांची २००८ साली वाटणी झाली. विजेत्या संघाचा कर्णधार विराट कोहली हा दिल्लीचाच मुलगा. दिल्लीने त्याच्याऐवजी दिल्लीच्याच प्रदीप सांगवान या डावखुऱ्या गोलंदाजाची निवड केली आणि कोहली बंगळुरूला गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे लोक आज म्हणतात. आमचे मत इतके कठोर नाही. सेहवाग, गंभीर, धवन, डिव्हिलियर्स असे फलंदाज हाताशी असताना गोलंदाज घेणे त्या दिवशीच्या कागदावर अगदी रीतसर होते. खरा आक्षेप पुढील गोष्टीस आहे. ज्या फलंदाजांच्या भरवशावर कोहलीला सोडले, त्या फलंदाजांना तरी आम्ही कोठे राखले?

एका हंगामानंतर धवनची मुंबईशी अदलाबदल झाली आणि त्याच्या जागी आशिष नेहरा आला. २०११ च्या लिलावापूर्वी प्रत्येक संघास चार खेळाडू राखण्याची मुभा होती. दिल्लीने एकटा सेहवाग ठेवला. गंभीर कोलकात्याला गेला आणि डिव्हिलियर्स बंगळुरूला. २०१४ च्या लिलावापूर्वी तर एकही खेळाडू ठेवला नाही. पाटी स्वच्छ पुसली आणि तिच्याबरोबर डेव्हिड वॉर्नर व आंद्रे रसेल हेही पुसले गेले. पुढील हिशेब वाचकांनी स्वतःच करावा. गंभीरच्या नेतृत्वाखाली कोलकात्याने २०१२ आणि २०१४ साली अजिंक्यपद मिळविले. वॉर्नरच्या नेतृत्वाखाली हैदराबादने २०१६ साली. श्रेयस अय्यरच्या नेतृत्वाखाली पुन्हा कोलकात्याने २०२४ साली. म्हणजे दिल्लीतून गेलेल्या तिघांनी परगावी जाऊन चार करंडक उचलले. पिकते तेथे विकत नाही, हे खरेच. पण येथे पिकविणाऱ्यानेच शेत वाऱ्यावर सोडले होते.

जुनी माणसे सोडावयाची आणि नवी भरमसाट किमतीस घ्यावयाची, असा एक क्रम मध्यंतरी पडून गेला. २०१५ साली युवराजसिंगसाठी १६ कोटी रुपये मोजले. हंगाम संपताच त्याला निरोप दिला. २०१६ साली पवन नेगीवर साडेआठ कोटी खर्च केले. पुढील वर्षी तो बंगळुरूला १ कोटीस मिळाला. यात त्या खेळाडूंचा अपराध तो कोणता? किंमत त्यांनी ठरविली नव्हती. परंतु कोटींचा आकडा गळ्यात बांधून मैदानात उतरलेल्या माणसाची प्रत्येक चूक लोक रुपयांत मोजतात, आणि मालकही मोजू लागला की खेळ संपला.

प्रसंगी हातचे शस्त्रही म्यानात ठेवण्याची या संघाची रीत आहे. २०१२ साली मॉर्ने मॉर्केलने २५ बळी घेऊन सर्व गोलंदाजांत अग्रस्थान मिळविले होते. चेन्नईत, अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर, नेमके त्यालाच बाहेर बसविण्यात आले. मुरली विजयने ११३ धावा कुटल्या, चेन्नईने २२२ धावांचा डोंगर रचला आणि आम्ही ८६ धावांनी हरलो. मॉर्केल असता तर जिंकलो असतो, अशी हमी कोणी देऊ नये. पण वर्षभर ज्याने ओझे वाहिले, त्यास परीक्षेच्या दिवशी घरी ठेवू नये, हे समजण्यास क्रिकेटच्या विशेष ज्ञानाची आवश्यकता नाही.

मध्ये काही वर्षे बरी गेली. २०१८ साली परत आलेल्या गंभीरने हंगामाच्या मध्यावर नेतृत्व सोडले आणि ते तेवीस वर्षांच्या अय्यरकडे आले. रिकी पाँटिंग प्रशिक्षक होता. त्या वर्षी संघ शेवटचाच आला. परंतु या वेळी पाटी पुसली गेली नाही. अय्यर, पंत, पृथ्वी शॉ ही तरुण मंडळी तशीच ठेवली, अक्षर पटेल आला, धवन परतला. फळ लगेच दिसले. २०१९ साली तिसरा क्रमांक, २०२० साली दुसरा, २०२१ साली साखळीत पहिला. पुढे पुन्हा जुने दुखणे उलटले. खांद्याच्या दुखापतीमुळे २०२१ मध्ये अय्यर बाहेर गेला आणि ऋषभ पंत कर्णधार झाला. बरा होऊन आलेल्या अय्यरला ते पद परत मिळाले नाही आणि वर्षअखेर तो गेला. २०२४ साली पंतही गेला. लिलावात त्याला परत मिळविण्याचा यत्न झाला खरा, पण लखनौने २७ कोटींची बोली लावून तो फोल ठरविला. कोणी कोणाला सोडले, हा वाद आम्ही उकरीत नाही. दोन कर्णधार घडविले आणि दोन्ही दुसऱ्यांच्या दारी उभे राहिले, एवढीच नोंद करतो.

मुंबईच्या वानखेडे मैदानाशी तर या संघाचा काही पूर्वजन्मीचा ऋणानुबंध असावा. २१ मे २०२२ रोजी तेथे जिंकलो असतो तर बाद फेरीत जागा होती. समोर मुंबई, तीही त्या वर्षी तळाला गेलेली. शार्दूल ठाकूरच्या चेंडूवर टिम डेव्हिड पहिल्याच चेंडूस यष्टीमागे झेल देऊन परतावयाचा. पंचांनी नाबाद ठरविले आणि आम्ही दाद मागितली नाही. त्याच डेव्हिडने ११ चेंडूंत ३४ धावा करून सामना नेला. बरोबर तीन वर्षांनी, २१ मे २०२५ रोजी, त्याच मैदानावर त्याच मुंबईने आम्हांस ५९ धावांनी हरवून पुन्हा घराबाहेर काढले. त्या हंगामाचे पहिले चारही सामने आम्ही जिंकले होते! मामेभावांचा दूरध्वनी दोन्ही रात्री वेळेवर आला, हे सांगणे नलगे.

या सर्वांचे मूळ आम्हांस कोठे दिसते, ते आता सांगतो. आमची हयात फायलींत चालली आहे, म्हणून दृष्टांतही तेथलाच सुचतो. कचेरीत अधिकारी येतात आणि जातात. कोणी दोन वर्षांत जातो, कोणी सहा महिन्यांत. तरी कामाचा गाडा चालतो, कारण प्रत्येक प्रकरणावर पूर्वपीठिका लिहिलेली असते. अमुक वर्षी अमुक निर्णय का घेतला आणि त्याचे फळ काय झाले, हे नव्या साहेबांस पहिल्याच पानावर वाचावयास मिळते. आता फायली संगणकावर गेल्या, पण पूर्वपीठिका गेली नाही. दिल्लीच्या संघाच्या फायलीत ते पानच नाही. जो येतो तो कोऱ्या कागदापासून प्रारंभ करतो.

आणि येणारे पुष्कळ. २०१८ साली जीएमआर या मूळ मालकांनी निम्मा हिस्सा जेएसडब्ल्यूस विकला, आणि वर्षअखेर 'डेअरडेव्हिल्स'चे 'कॅपिटल्स' झाले. २०२४ साली असे ठरले की पुरुषांच्या संघाचा कारभार २०२५ व २०२६ मध्ये एकाने पाहावा, मग पुढील दोन वर्षे दुसऱ्याने. महिलांच्या संघाची पाळी याच्या उलट. त्याच वर्षी सात हंगामांनंतर पाँटिंग गेला, हेमांग बदानी प्रशिक्षक झाला आणि वेणुगोपाल राव याच्याकडे क्रिकेटचे संचालकपद आले. दोन भावांनी विहिरीचे पाणी पाळीपाळीने घ्यावे, तशी ही योजना आहे. पाणी घेण्यास ती उत्तम. पण विहिरीचा गाळ कोणाच्या पाळीत काढावयाचा? एकोणीस वर्षांच्या मुलाचा कर्णधार होण्यास पाचसहा वर्षे लागतात. ज्याची पाळी दोन वर्षांची, त्याने त्या मुलावर का म्हणून विसंबावे?

उपाय अवघड नाही, आणि त्याचा पुरावा याच संघात आहे. कोलकात्याने बाकावर बसवून ठेवलेल्या कुलदीप यादवला दिल्लीने २०२२ साली २ कोटींस घेतले, त्याच्या हाती निःशंकपणे चेंडू दिला आणि त्याने पहिल्याच हंगामात २१ बळी घेतले. अक्षर पटेल २०१९ पासून सलग येथे आहे. कधी जडेजाची छाया म्हणून, कधी कामचलाऊ फलंदाज म्हणून त्याची संभावना झाली. तो टिकला आणि २०२५ साली कर्णधार झाला. ज्यांना वाईट दिवसांतही जवळ ठेवले त्यांनी चांगले दिवस दाखविले, एवढाच याचा अर्थ. आमची मागणीही तेवढीच आहे. सात सामने हरलात तरी चालेल, पण आठव्या सामन्यास तीच माणसे उभी राहू द्या. महिलांचा संघ २०२३, २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ तीन वर्षी अंतिम सामन्यात हरला. तरी मेग लॅनिंगसारखी कर्णधार तिन्ही वर्षे टिकली, म्हणून तिन्ही वर्षे तेथवर पोहोचता आले, हे विसरता कामा नये.

इतका जीव त्या संघात का गुंतवावा, असे कोणी विचारील. दिल्ली हे मुळातच बदलीचे गाव आहे. आमच्या सरकारी वसाहतीत दर उन्हाळ्यात एखादे बिऱ्हाड मालमोटारीत चढते. मुले चारसहा दिवस हिरमुसतात, मग नव्या बिऱ्हाडातील मुलांशी खेळू लागतात. थोरांना त्याची सवय होते. मुलांना ती लावावी लागते, आणि ती लावताना आमच्या पोटात कालवते. आमच्या चिरंजीवांचा जन्म येथला. कोणी "तू मूळचा कुठला?" म्हणून विचारले की ते आजोबांच्या सातारचे नाव सांगतात, पण त्या स्वरात परीक्षेतील पाठांतर असते. "दिल्लीचा" असे ते निःसंकोच म्हणतात, ते फक्त सामन्याच्या दिवशी. पूर्वी त्यांच्या निळ्या सदऱ्यावर अय्यरचे नाव होते. तो गेल्यावर पंतचे आले. पंत गेल्यावर नवा सदरा घेताना दुकानदाराने नाव विचारले, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "नाव नको. नुसते 'दिल्ली' लिहा."

दहा वर्षांच्या मुलाने हे शहाणपण शिकावे, याचे आम्हांस कौतुक वाटले नाही, वाईटच वाटले. या वयात माणसावर जीव लावावयाचा असतो. करंडक आज ना उद्या येईल. बंगळुरूलाही तो अठराव्या वर्षी मिळाला. परंतु त्या सदऱ्यावर एखादे नाव निर्धास्तपणे लिहून घ्यावे, आणि सदरा आखूड होईपर्यंत ते पुसावे लागू नये, एवढे जरी आमच्या संघाच्या चालकांनी साधले, तरी आमच्यापुरता तो जिंकला असे आम्ही मानू.