जहाजावरचा तांब्या

आमच्या मातोश्रींनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी प्रथम समुद्र पाहिला. इचोड्यासारख्या ठिकाणी जन्म काढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातील निळा रंग. आमच्या आदिलाबाद जिल्ह्याला डोंगर आहेत, सागवान आहे, कापूस आहे. परंतु चैत्र संपला की विहिरींचे तळ दिसू लागतात. नळ दारात येण्यापूर्वीचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना घागरीचे वजन अजून खांद्यात जाणवते. मातोश्रींनी तर चाळीस वर्षे डोक्यावरून पाणी वाहिले. त्यामुळे पाणी सांडणे हा आमच्या घरी उद्धटपणाहून मोठा अपराध होता.

गेल्या हिवाळ्यात मुंबईस असलेल्या आमच्या धाकट्या बंधूने मुंबई ते गोवा व परत अशा दोन रात्रींच्या जलप्रवासाची तिकिटे काढली. आदिलाबादेहून नंदिग्राम एक्स्प्रेस धरून आम्ही मुंबईस गेलो. मातोश्रींच्या हाती त्यांचा जुना फिरकीचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. बंदरावरील तपासणीत ‘बाहेरचे पेय आत नेता येत नाही’ असे रखवालदाराने नम्रपणे सांगितले. पाणी ओतून देण्याची सूचना ऐकताच मातोश्रींनी त्याच्याकडे असे पाहिले की तो बिचारा दोन पावले मागे सरला. अखेर अर्धा तांब्या त्यांनी आणि अर्धा आम्ही तेथेच उभ्याने रिचवला.

खोली लहान, पण नेटकी होती. मेजावर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या आणि त्यांच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी. आम्ही ती मोठ्याने वाचली. “अबब, एवढ्या पैशांत आपल्याकडे आठवडाभराची भाजी येईल!” असेही म्हणालो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. आम्हांस ते पुढे फार महाग पडले.

सौभाग्यवतींना मधुमेह आहे. इन्शुलिनच्या राखीव कुप्या थंड राखावयाच्या होत्या आणि खोलीतील लहान कपाट नुसतेच गार वाटत होते. म्हणून आम्ही खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणास बोलावले. तो गोव्याकडचा होता, मराठी छान बोलत होता. पाच मिनिटांत त्याने झाकणाचे भांडे भरून बर्फ आणला. सकाळ-संध्याकाळ सांगितले तर रोज आणून देईन, असे म्हणाला. आपणहून ठेवण्याची पद्धत मात्र नाही. कुप्या आम्ही रुमालात गुंडाळून, डबीत घालून बर्फावर ठेवल्या. कारण इन्शुलिन गोठले की ते कामाचे राहत नाही.

तो बर्फ पाहून आमचे मन एकदम पन्नास वर्षे मागे गेले. आमच्या बहिणीस विषमज्वर झाला होता आणि डॉक्टरांनी कपाळावर बर्फ ठेवण्यास सांगितले होते. इचोड्यात बर्फ कोठला? वडील मोटारीने आदिलाबादेस गेले आणि भुशात घातलेली बर्फाची लादी गोणपाटात बांधून घेऊन आले. घरी पोचेपर्यंत ती निम्मी उरली होती. गोणपाटातून ठिबकणारे भुशाचे पाणीही मातोश्रींनी वाया जाऊ दिले नाही. गोडनिंबाच्या आळ्यात नेऊन घातले. बहीण बरी झाली. गोडनिंबही जोमाने वाढला.

गंमत अशी की भारतात बर्फाचा मोठा व्यापार प्रथम जहाजांनीच आणला, आणि तोही भुशात घालूनच. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनच्या ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचे जहाज तळ्यांतून कापलेला सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी ते कलकत्त्यास लागले तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी तो मुंबईसही आला. मद्रासेत १८४२ च्या सुमारास बांधलेले बर्फघर अजून उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते. म्हणजे आमच्या वडिलांची निम्मी लादी हा काही फार वाईट हिशेब नव्हता.

असो. पहिला दिवस मोठ्या आनंदात गेला. मातोश्री कठड्याशी बसून तासन् तास पाणी पाहत होत्या. जेवताना आम्ही पेला पुढे केला तर म्हणाल्या, “मले तहान नाही.” रात्रीही तेच. आम्हांस वाटले, समुद्राच्या हवेने असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानगृहाच्या दाराशी त्या मटकन खाली बसल्या. ओठ पांढरे पडले होते, बोलणे अडखळत होते. चाकांच्या खुर्चीवरून त्यांना जहाजाच्या दवाखान्यात नेताना आमचे पाय लटपटत होते. भोवती सर्वत्र पाणी, किनारा दृष्टीस नाही, आणि आपण हौसेपायी म्हाताऱ्या आईला कोठे आणून ठेवले, हा एकच विचार डोक्यात घुमत होता. डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब पाहिला. औषधे विचारली. रक्तदाबाच्या गोळीत लघवी अधिक होण्याचे औषध होते. मग त्यांनी विचारले, “कालपासून पाणी किती प्यालात?”

मातोश्री गप्प. पुन्हा विचारल्यावर म्हणाल्या, “एक पेला. चहा वेगळा.”

“काऊन, माय?” आम्ही जवळजवळ ओरडलोच.

“तूच तर म्हनला, आठवड्याच्या भाजीचे पैसे लागतेत. पोरानं आधीच एवढा खर्च केला.”

डॉक्टरांनी खाली पाहून क्षारमिश्रित पाण्याची पुडी फोडली. आम्हांस कोठे पाहावे ते समजेना. बाटली आम्ही फोडलीही होती. पण ती स्वतःसाठी, आणि आई पीत नाही याचे कारण विचारण्याचे आम्हांस सुचले नव्हते.

दुपारपर्यंत त्यांना हुशारी आली. मग गोव्याच्या त्या तरुणाने जे सांगितले ते ऐकून आम्ही अधिकच ओशाळलो. आमच्या खोलीच्या नळाचे पाणी पिण्याचेच होते! समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. जहाजावर हवेचा दाब कमी केलेल्या बंद टाकीत ते पाणी इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर उकळतात. दाब कमी असल्याने ते थोड्या आचेवरच उकळते. ती वाफ निववली की गोडे पाणी मिळते. दुसरी रीत म्हणजे मोठ्या दाबाने बारीक पडद्यातून ते गाळणे. मग त्यात थोडे क्षार परत मिसळतात, क्लोरीन घालतात. बर्फही त्याच पाण्याचा. भोजनगृहात साधे पाणी व उकळते पाणी फुकट होते. फक्त तांब्या थेट तोटीस टेकवू नये, पेल्याने भरावा. आणि बर्फ हाताने न घेता पळीने घ्यावा, कारण शेकडो माणसे एकत्र राहतात तेथे पोटाचे विकार असेच पसरतात. हे सारे पहिल्याच संध्याकाळी एका प्रश्नात समजले असते. बर्फ मागण्यास आम्हांस लाज वाटली नाही. पाण्याविषयी विचारण्यास मात्र अडाणी ठरू अशी भीती वाटली!

मातोश्रींचा विश्वास सहज बसला नाही. “समुद्राचं पानी हाय ते. मीठ कोठी गेलं?” त्यांनी नळाचे पाणी बोटावर घेऊन चाखले, पुन्हा चाखले, आणि मग पेलाभर पाणी न थांबता प्याल्या. संध्याकाळी त्या तरुणाला त्यांनी आपण होऊन हाक मारली आणि तांब्यात बर्फाचे दोन खडे मागून घेतले.

उतरण्यापूर्वी त्यांनी तांब्या नळावरून भरून घेतला. परतीच्या गाडीत तो त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही. इचोड्यास पोचताच शेजारच्या काकूंना बोलावून प्रत्येकीच्या ओंजळीत थोडे थोडे ओतले आणि हे समुद्राचे पाणी आहे, असे सांगितले. एकीने डोळे मिटून घोट घेतला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, “आपल्या बोरिंगपरीस बरं हाय, बाई.”