पाटी

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी माणसाने काय काय करू नये, याची एक यादी आमच्या सौ.कडे तयार असते. गेल्या हिवाळ्यात मी तीत भर घातली. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, तरी माझ्या तोंडी अजून नगरच येतं. तर या नगरच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकपदासाठी मी अर्ज केला आणि चक्क मुलाखतीचं बोलावणं आलं! तीस वर्षं लोकांना ‘जीभ दाखवा’ म्हणणाऱ्या माणसावर आता स्वतःची जीभ दाखवायची पाळी आली.

तयारी जोरात झाली. आमच्या जिल्ह्यात आरोग्याच्या मुलाखतीला जाणाऱ्याने जामखेड पाठ करायलाच हवं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे प्रकल्प सुरू केला; गावानेच निवडलेल्या, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या केलं; १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे मी सौ.ला तीनदा म्हणून दाखवलं. चौथ्यांदा तिनेच मला म्हणून दाखवलं.

मुलाखतीच्या दिवशी कोट घालून बाकावर बसलो होतो. एक म्हातारी समोर येऊन म्हणाली, “सायेब, केसपेपर कुठं काढायचा?”

कोटाचा प्रताप! मलाही ‘सायेब’ जरा आवडलं. तिला घेऊन निघालो. एकाने डावीकडे पाठवलं, दुसऱ्याने वर, वरच्याने खाली. वीस मिनिटांनी खिडकी सापडली, ती सायकल स्टँडच्या मागे. घामाघूम होऊन परतलो, तो माझ्या नावाचा पुकारा चाललेला.

आत पाचजण होते.

“पाच वर्षांनी हे रुग्णालय तुम्हाला कुठे दिसतं?”

पाठ केलेलं उत्तर घामाबरोबर वाहून गेलं होतं. “इथेच,” मी म्हणालो, “स्टँडपासून जवळ पडतं.”

कुणी हसलं नाही.

“तुमचे आदर्श कोण?”

मी जामखेड धडाधडा म्हटलं. पाची माना एकदम डोलल्या. माझ्या आधीच्या उमेदवारांनीही तेच म्हटलं असणार.

“पहिल्या दिवशी काय कराल?”

“केसपेपरच्या खिडकीची पाटी लावीन. मराठीत, मोठ्या अक्षरांत.”

शांतता पसरली. “आणखी काही?”

“बाणही काढीन.”

पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं. जेवताना मी तावातावाने सौ.ला म्हणालो, “एवढी साधी माणुसकीची गोष्ट, पण एकाच्या डोक्यात शिरेल तर शपथ!”

तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, “त्या म्हातारीला वाचता येत होतं का हो?”

माझा घास हातातच राहिला. विचारलं कुणी होतं तिला? जामखेड तीनदा पाठ केलं आणि नेमकं जामखेडच विसरलो! तिथे पाटी नको होती. तिच्याच गावची, तिच्याच बोलीतली एखादी बाई बसवायला हवी होती.

समितीने मला कशात नापास केलं, ते काही कळलं नाही. सौ.ने कशात केलं, ते मात्र लख्ख कळलं. आणि माझ्या दवाखान्यात ‘चपला बाहेर काढाव्यात’ ही पाटी वीस वर्षं असूनही पेशंट चपलांसकट आत का येतात, तेही त्याच जेवणात उमगलं.